सीटखालची तांबडी माती

जुनी चारचाकी घ्यायचं चाललं असेल, तर टोकन देण्याआधी आमचं काय झालं ते वाचा. ३ लाख ९० हजार रुपये मोजून आम्ही पुरात बुडालेली गाडी घरी आणली. नारळ फोडला, बिल्डिंगभर पेढे वाटले. ती बुडालेली होती हे कळायला पाच महिने लागले.

गोष्ट मार्च २०२४ ची. सासऱ्यांचे गुडघे पार गेलेले. इंदिरानगरातून त्यांना दर आठवड्याला रिक्षाने दवाखान्यात नेताना त्यांचे हाल बघवत नव्हते. यांचा बोनस, माझी भिशी आणि पतसंस्थेचं कर्ज असं सगळं जमवलं. मुंबई-आग्रा हायवेलगत एका विक्रेत्याकडे २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक उभी होती, अगदी चकचकीत. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचा. एवढ्या लांबची गाडी नाशकात कशी, हे मी विचारलंही.

"ताई, बँकेतल्या साहेबांची आहे, त्यांची बदली झाली. एकहाती गाडी, बेचाळीस हजार रनिंग. आरसीवर नाव बघा ना, एकच आहे."

खरंच एकच होतं. आमच्या मनातली शंका तिथेच विरली. सीट कव्हर नवं, खालचं मॅटिंग नवं, आत अत्तराचा उग्र वास. गाडी नीट ठेवलीय असं आम्ही समजलो. आज तो वास आठवला की अंगाची आग होते.

पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यात अडकली. मग सेंट्रल लॉक आपोआप उघडायला लागलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हेडलाइटच्या आत वाफ धरली. एसी लावला की ओल्या गोणपाटाचा कुबट वास यायचा. एकदा द्वारका चौकात वळण घेताना स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रक हॉर्न देतायत आणि हे दोन्ही हातांनी चाक ओढतायत. प्रत्येक मिस्त्रीने वेगळं सांगितलं: बॅटरी, सेन्सर, अर्थिंग. प्रत्येक वेळी पैसे गेले, आठ दिवस गाडी बरी चालली, पुन्हा तेच. विक्रेता आधी "पाठवून द्या, बघतो" म्हणायचा. पुढे "सेकंडहँड गाडीला गॅरंटी नसते" असं ऐकवलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सप्तशृंगीला सासूबाईंची ओटी भरायची होती. नांदुरी सोडून घाट चढायला लागलो. थोडं वर गेल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि चढावरच इंजिन बंद पडलं. ब्रेकचं पेडल घट्ट झालं, गाडी मागे सरकायला लागली. यांनी हँडब्रेक ओढून धरला, मी दार उघडून उतरले आणि रस्त्याकडेचा दगड चाकामागे लावला. मागच्या सीटवर सासरे होते, त्यांना पटकन उतरता येत नव्हतं. मागून येणाऱ्या जीपवाल्याने आपली गाडी आडवी घालून आम्हाला सावरलं. त्या दिवशी दर्शन झालं नाही. गाडी टो करून नाशकात आणली.

द्वारकेजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिनच्या कंट्रोल युनिटचं कनेक्टर काढलं, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. तो काही बोलला नाही. त्याने पुढच्या दोन्ही सीट खोलून बाहेर काढल्या. सीटची रूळपट्टी गंजलेली आणि मॅटिंगखालच्या फोममध्ये गाळ बसलेला. बारीक, तांबडा.

"ताई, ही माती आपल्याकडची नाही. आपली काळी असते. ही कोकणातली." मग त्याने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. खालच्या टोकाला पट्ट्यावर चिखलाची रेघ होती. पाच महिन्यांत आम्ही तो बेल्ट एवढा कधीच ओढला नव्हता.

जुन्या आरसीची झेरॉक्स आमच्याकडे होती. त्यावरच्या चिपळूणच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. दहा दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. ते बँकेत नव्हते, त्यांची कुठे बदलीही झालेली नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी छपरापर्यंत बुडाली होती. विम्याचे पैसे मिळाले, कागदांवर सह्या करून त्यांनी गाडी देऊन टाकली. ती तेव्हाच भंगारात गेली असं ते धरून चालले होते. आपल्या नावावर ती पुढे अडीच वर्षं होती, हे ऐकून तेच घाबरले.

हे कसं होतं ते मला आता कळलंय. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण वाया गेलेली धरते. अशा गाड्या लिलावात स्वस्तात निघतात. घेणारा ती स्वतःच्या नावावर करतच नाही. मूळ मालकाने सही केलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० तारखेविना पडून राहतात आणि गिऱ्हाईक सापडलं की भरले जातात. म्हणून आरसीवर एकच नाव दिसतं. बुडालेलं मीटर बदलून दुसऱ्या गाडीचं लावलं की रनिंगही कमी होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केल्यावर कळलं, पुराआधीच ही गाडी ६१ हजार चालली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये दुरुस्तीचं एस्टिमेट काढलेलं, त्यानंतर एकही नोंद नाही.

विक्रेत्याकडे जुनी विमा पॉलिसी मागा, हे मी हात जोडून सांगते. पाच वर्षं क्लेम न घेतलेल्या मालकाला नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, ५० टक्के मिळतो. तिथे शून्य दिसलं, तर क्लेम कशाचा घेतला ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्हाला फक्त नवी थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी हातात दिली होती आणि आम्ही ती तशीच घेतली. सीट पुढे सरकवून खाली बॅटरी मारा, बेल्ट पूर्ण ओढा, मॅटिंगचा कोपरा उचला. विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

एमएच ०८ ची प्रत्येक गाडी अशी असते असं मी म्हणत नाही. पण २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर, त्याआधीची त्या भागातली गाडी घेत असाल तर दुप्पट तपासा.

दुरुस्तीत आतापर्यंत १ लाख १२ हजार गेलेत. पावतीवर "जशी आहे तशी" लिहिलेलं दाखवून विक्रेता हात वर करतोय. आम्ही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दोन तारखा झाल्या, समोरून कुणी आलं नाही. गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली आहे. इलेक्ट्रिशियनने सीटखालून काढलेला गाळ मी एका बरणीत भरून, वर तारीख घालून ठेवलाय. पुढच्या तारखेला तो बरोबर नेणार आहे.