ठाण्यातलं ऑफिस पाहून पैसे भरले, उटीला फोन कुणीच केला नाही

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतली चार कुटुंबं, लहान-मोठी मिळून १४ माणसं. म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी अशी मे महिन्याची सहल ठरली. राजवाडा, डोंगर, देवळं आणि समुद्र, सगळं एकाच फेरीत. १० मे ला निघायचं, २० मे ला परतीच्या गाडीत बसायचं. माणशी दर २८,५००. त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन सहलवाल्यांनी ३५ हजारांच्या पुढचा दर सांगितला होता. फेब्रुवारीत माणशी १०,००० आणि मार्चअखेर माणशी १२,००० भरून झाले, म्हणजे एकूण ३ लाख ८ हजार. निघायला चार दिवस उरले आणि सहलवाल्याचा फोन बंद, ऑफिसला कुलूप.

या लोकांनी चौकशी केलीच नाही, असं नाही. चांगली केली, पण सगळी ठाण्यात केली. ऑफिस पाहिलं, एसी होता, भिंतीवर देवाचा फोटो आणि गेल्या वर्षीच्या ग्रुपचे फोटो होते. गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, फ्रेम करून लावलेला होता. ओळखीतल्या एकाने ‘माणूस चांगला आहे’ म्हणून सांगितलं होतं. यातली एकही गोष्ट उटीच्या खोलीशी किंवा रेल्वेच्या बर्थशी जोडलेली नाही. गुमास्त्याचं तर २०१७ च्या कायद्यानंतर असं आहे, की ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर दुकानदाराने ऑनलाइन फक्त सूचना द्यायची असते. दुकान उघडलंय एवढंच त्यातून कळतं.

त्यांना मिळालेले कागद तारखेप्रमाणे ओळीने मांडले तर काय दिसतं, ते सांगतो. हेच कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर येणार आहेत.

पहिला कागद २० फेब्रुवारीचा मेसेज. ‘काका, तुमची जायची तिकिटं कन्फर्म झाली, टेन्शन घेऊ नका.’ हे होऊच शकत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या दिवसाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं. १० मे ची तिकिटं ११ मार्चला सकाळी उघडणार. २० मे ची परतीची २१ मार्चला. फेब्रुवारीत मे महिन्याचं कन्फर्म तिकीट हातात आहे असं जो सांगतो, तो एक तर खोटं बोलतोय किंवा त्याला आपला धंदा कळत नाही, आणि दोन्ही बाबतीत पैसे द्यायचं कारण नाही. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तो हिशोब अजून बऱ्याच ज्येष्ठांच्या डोक्यात आहे, म्हणून असं बोलणं खपून जातं.

दुसरा कागद मार्चअखेरची तिकिटाची पीडीएफ. याच पीडीएफवर विसंबून दुसरा हप्ता भरला गेला, म्हणून ती नीट पाहू. वर दहा आकडी पीएनआर एकच, खाली १४ नावं, डबा बी-३ आणि बर्थ १७ ते ३० ओळीने. रेल्वेच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात, तत्काळमध्ये ४. १४ माणसांना निदान तीन पीएनआर लागतात. मे महिन्याच्या गर्दीत ओळीने १४ बर्थ मिळणंही जवळपास अशक्य. एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण समजा सहाच नावं असती, तर काय करायचं? रेल्वेच्या १३९ या चौकशी नंबरवर किंवा रेल्वेच्या साइटवर तो पीएनआर टाकायचा. तिथे नावं दिसत नाहीत, पण गाडी, तारीख, कुठून कुठे, वर्ग आणि प्रवासी किती हे दिसतं. या प्रकरणातला पीएनआर खरा निघाला, पण तो दुसऱ्याच तारखेचा आणि दोन प्रवाशांचा. कुणाच्या तरी खऱ्या तिकिटावर नावं आणि बर्थ बदलून पीडीएफ बनवली होती. पीडीएफमधला मजकूर बदलायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात, रेल्वेच्या यादीतला बदलता येत नाही. म्हणून पीएनआर बघायचा तो तिकीट आलं त्या दिवशी, महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी. कारण तिकीट खरं काढून, तुम्हाला दाखवून, नंतर रद्द करण्याचाही प्रकार चालतो.

त्यावरचा उपाय सोपा आहे. तिकीट काढताना मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. अधिकृत एजंटाकडून काढलेलं ई-तिकीट रद्द झालं, तर प्रवाशाच्या मोबाइलवर परताव्याची रक्कम आणि एक ओटीपी येतो. तो ओटीपी प्रवाशाने एजंटाला सांगितला की मग परतावा निघतो. तेव्हा ‘सीट कन्फर्म करायला ओटीपी सांगा’ असं कुणी म्हणालं, तर मेसेज शेवटपर्यंत वाचा. तिकीट एकदा निघालं की सीट कन्फर्म करायला प्रवाशाचा ओटीपी लागत नाही. आणि रेल्वेच्या साइटवरच्या स्वतःच्या साध्या लॉगिनवरून कमिशन घेऊन लोकांना तिकिटं काढून देणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तिकिटावर एजंटाचं नाव नसेल आणि तो पैसे मात्र घेत असेल, तर पकडलं गेल्यावर ते तिकीट बाद होऊ शकतं, आणि गाडीत अडकता तुम्ही.

विमानाचं असेल तर सहा अक्षरी पीएनआर पुरेसा नाही. तो नुसता रोखून धरलेला असू शकतो, पैसे न भरता. कंपनी १३ आकडी ई-तिकीट नंबर देत असेल तर तो मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर आडनाव टाकून स्वतः उघडा. एजंटाने रद्द केलं तर परतावाही त्याच्याकडेच जातो, हे लक्षात असू द्या.

तिसरा कागद कार्यक्रमपत्रिका. दुसऱ्या दिवशी लिहिलंय, ‘रात्रीच्या जेवणानंतर म्हैसूरहून प्रस्थान, पहाटे उटी.’ म्हैसूर ते उटी रस्ता बंदिपूर आणि मुदुमलईच्या जंगलातून जातो आणि बंदिपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो. कित्येक वर्षांचा नियम आहे. त्या रस्त्याने ज्याने एकदाही ग्रुप नेलाय, तो हे असं लिहिणार नाही. पुढे मदुराईला ‘दुपारी १ वाजता मीनाक्षी दर्शन’, आणि देऊळ दुपारी बंद असतं, साधारण साडेबारा ते चार. रामेश्वरमला बावीस तीर्थांची स्नानं करून सकाळी १० ला निघायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी कन्याकुमारीला विवेकानंद शिळा. अंतर ३०० किलोमीटरच्या वर, आणि शिळेवर जाणाऱ्या बोटी दुपारी चारच्या सुमारास थांबतात. पत्रिकेतला प्रत्येक दिवस असाच. इकडून तिकडून उचललेला, कधीच न केलेला प्रवास. उत्तरेच्या सहलीतही अशी खूण सापडते: ताजमहाल शुक्रवारी बंद, रोहतांग मंगळवारी बंद. पत्रिकेवर वार लिहून काढा आणि एक संध्याकाळ घालवून प्रत्येक ठिकाणची वेळ तपासा. घरातल्या कॉलेजच्या मुलाला हे काम द्या, तासाभरात होतं.

याच पत्रिकेत ‘उटी-कोडाई ई-पास माणशी २०० रुपये’ असंही होतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो आणि उन्हाळ्यात दिवसाला किती गाड्या सोडायच्या यावरही मर्यादा घातली गेली आहे. पण हा पास फुकट मिळतो, माणसांना नाही तर वाहनाला मिळतो, आणि अर्जात गाडीचा नंबर द्यावा लागतो. म्हणजे ई-पासची तयारी खरंच चालू असेल तर गाडी ठरलेली असणार आणि नंबर सांगता येणार. तो मागा, सरकारच्या एमपरिवहन अॅपवर टाका, परमिट, फिटनेस, विमा तारखेत आहे का पाहा. नंबरप्लेट पिवळी हवी. इथे नंबर मागितल्यावर उत्तर आलं, ‘तिकडची लोकल गाडी असते, आदल्या दिवशी कळेल.’

आता चौथा कागद, उटीच्या हॉटेलचं व्हाउचर. हॉटेल खरं, नाव खरं, फोटो खरे, पाच खोल्या, दोन रात्री. खाली बारीक अक्षरात ‘किंवा त्या दर्जाचे’. आणि फोन नंबर मोबाइलचा, जो उचलणारा सहलवाल्याचाच माणूस होता. सगळं बिघडल्यानंतर हॉटेलच्या खऱ्या नंबरवर विचारलं, तेव्हा कळलं की फेब्रुवारीत चौकशी आली होती, खोल्या काही दिवस धरून ठेवल्या, अॅडव्हान्स आला नाही म्हणून मार्चमध्ये सोडून दिल्या. हंगामात कुठलंही चांगलं हॉटेल असंच करतं, त्यात त्यांची चूक नाही.

हा एक फोन मार्चमध्ये झाला असता तर १ लाख ६८ हजार वाचले असते. म्हणून तो कसा करायचा ते सविस्तर. व्हाउचरवरचा नंबर वापरायचा नाही. नकाशावरच्या नंबरावरही डोळे मिटून विश्वास नको, तिथे कुणीही बदल सुचवू शकतो आणि भामटे तेच करतात. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा लँडलाइन शोधा आणि एसटीडी कोड जुळतो का पाहा: म्हैसूर ०८२१, उटी ०४२३, कोडाईकनाल ०४५४२, मदुराई ०४५२, रामेश्वरम ०४५७३, कन्याकुमारी ०४६५२. फोन लागला की ‘आमचं बुकिंग आहे ना?’ असं विचारू नका, समोरचा घाईत ‘हो हो’ म्हणून ठेवून देतो. कुणाच्या नावाने आहे, किती खोल्या, कुठल्या तारखा, किती अॅडव्हान्स जमा झाला आणि बाकी कधीपर्यंत आली नाही तर खोल्या सोडणार, हे पाच प्रश्न विचारा. चौथ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर व्हाउचर कितीही सुंदर छापलेलं असो, खोली तुमची नाही. प्रामाणिक सहलवाला या फोनला हरकत घेत नाही. ‘आमचे बी-टू-बी रेट असतात, तुम्ही फोन केला तर बुकिंग कॅन्सल होईल’ असं सांगून या कुटुंबांना थांबवलं होतं. बी-टू-बी म्हणजे धंदेवाल्यांचे आपसातले दर. दर विचारू नका, फक्त बुकिंग विचारा, म्हणजे ही सबबच उरत नाही.

पैशाचं. जीएसटी वाचवायचा असेल तर रोख द्या, असं सांगितलं गेलं. सहलीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३,९९,००० वर १९,९५०. एवढे वाचवायला तीन कुटुंबांनी पहिला हप्ता रोख दिला आणि हातात आली पेनने लिहिलेली पावती. नंतर तीच सिद्ध करायला सगळ्यात जड गेली. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. १५ अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. तिसऱ्यापासून पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकूणात सहावं अक्षर पी असेल तर एकट्या माणसाची मालकी, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर पी, हे जुळत नाही. पोर्टलवर नोंदणी रद्द दिसली तर तिथेच थांबा. यूपीआय करताना पडद्यावर येणारं नाव बँकेतलं असतं. ते फर्मचं आहे की कुणा बाईमाणसाचं वैयक्तिक, हे पैसे सोडण्याआधी वाचा. शक्यतो क्रेडिट कार्ड वापरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. आणि हप्ते तारखेला बांधू नका, पुराव्याला बांधा: पीएनआर तपासून झाला की इतके, हॉटेलने अॅडव्हान्स मिळाल्याचं सांगितलं की इतके.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या दिवशीच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ऑनलाइन गेलेली रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच. ‘दिवाळीत दुसरी टूर देतो’ म्हणाला तर लेखी नकार द्या, नाही तर पुढे तुम्हीच मुदत वाढवून दिली असं म्हटलं जातं. चेक दिला तर तीन महिन्यांच्या आत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायलाच हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ची वाट अवघड होते.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वाशी-नेरुळकरांचा जिल्हा ठाणे. खारघर-पनवेलकरांनी मात्र लक्षात ठेवावं, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी जिल्हा रायगड आणि आयोग अलिबागला.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, ‘हा दिवाणी मामला आहे.’ सहल रद्द झाली, पैसे परत देत नाही, एवढंच अर्जात लिहिलं तर तसं म्हणायला वाव राहतो. बनावट तिकिटाने तो वाव संपतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) च्या फसवणुकीसोबत ३३६ आणि ३४० ही बनावट दस्तऐवजाची कलमंही अर्जात लिहा. एका पानावर डावीकडे १४ नावांची ती पीडीएफ छापा, उजवीकडे त्याच पीएनआरची रेल्वेच्या साइटवरची स्थिती, तारीख आणि दोन प्रवासी दिसतील अशी. व्हॉट्सअॅपवरून पीडीएफ ज्या दिवशी आली तो मेसेज आणि दुसरा हप्ता ज्या दिवशी गेला ती बँकेची नोंद खाली लावा. हे पान अर्जाच्या सगळ्यात वर ठेवा, आणि पोचपावतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.