सहा महिने लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) वापरून, आणि त्या एका ‘ऱ्या’चा घोळ

काल काका आले, मागच्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं तेव्हाची यादी पाहिजे म्हणून. गावातले सगळे अर्ज मीच टाइप करतो, एकाच मोठ्या फाईलीत. कंट्रोल एफ दाबून ‘शेतकऱ्यांची यादी’ टाकलं तर सापडत नाही म्हणायलंय. आणि ती यादी समोर स्क्रीनवर दिसायली! डोकंच फिरलं, म्हटलं आता लिहूनच टाकावं.

लॅपटॉप 2015 चा, प्रोसेसर आय थ्री फिफ्थ जनरेशन, 4 जीबी रॅम, बॅटरी कधीच मेलेली. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले, विंडोज 11 साठी कंपनीच्या यादीत आठव्या जनरेशनच्या खालचा प्रोसेसर सहसा नाही. दुकानदार म्हणायला नवीनच घ्या, नुसतं फॉरमॅट पाहिजे तर 700 रुपये. 700 रुपयात माझी दोन महिन्याची चहापत्ती येते. दिवाळीनंतर पेनड्राइव्हवर मिंट 22.2 ची एक्सएफसीईवाली, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती घेतली आणि घरीच बसलो.

एक सांगतो, ‘डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, जात नसतंय’ या भरवशावर राहू नका. सी आणि डी सहसा एकाच डिस्कचे तुकडे असतात, इन्स्टॉल करताना इरेज डिस्क निवडलं की दोन्ही साफ. मी अर्ज पेनड्राइव्हवर घेतले होते म्हणून वाचलो, लग्नाचा अल्बम मात्र गेला (बायको अजून ऐकवते). इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाईट गेली ती दोन तासानं आली, पुन्हा पहिल्यापासून.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की लिनक्सनं लॅपटॉप उडायला लागला. खोटं नाही पण पूर्ण खरंही नाही, चालू व्हायला तीन मिनिटं लागायची ती दोनवर आली एवढंच. जानेवारीत जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली तेव्हा वीस-पंचवीस सेकंदावर आलं. म्हणजे श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच बघा. प्रिंटरला मात्र ड्रायव्हरची सीडी लागली नाही, वायर लावली आणि पान बाहेर, इथं मिंटला पैकीच्या पैकी.

आता तो ‘ऱ्या’. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट जे दाबलं की नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ येतो, मग डी दाबून हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग य. हे कळायलाच मला महिना लागला, तोवर ‘शेतकर्यांच्या’ असे अर्ज गेले आणि तलाठी कार्यालयात हसं झालं. बरं, जुन्या टायपिंगमध्ये हेच अक्षर साध्या र ला हलंत देऊन, त्यापुढं झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर बसवून व्हायचं. दिसायला दोन्ही डिट्टो, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, म्हणून काकांची जुनी यादी सापडेना. मी सहा महिने मिंटला शिव्या घालत होतो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, विंडोजवर पण हेच झालं असतं. पण वैताग तो वैतागच, मराठवाड्यात अर्ज लिहायचा आणि ‘शेतकऱ्यांच्या’ शब्द टाळायचा, जमतंय का?

उपाय एकच सापडला, जुन्या फाईलीतून तो ‘ऱ्या’ कॉपी करून फाइंडमध्ये टाकायचा, रिप्लेसमध्ये नवीन टाइप करायचा आणि रिप्लेस ऑल. मोठी फाईल झाली, सुट्या फायली चाळीसेक अजून राहिल्यात. काका तोवर दोन चहा पिऊन गेले, यादी संध्याकाळी नेतो म्हणालेत.