तळातल्या कॅटफिशसाठी हिकारीचे दोन वेफर्स : कोणते कोणाला द्यावेत

टाकीच्या तळाशी राहणाऱ्या कॅटफिशला स्वतंत्र अन्न द्यावे लागते, ही साधी गोष्ट मासा विकत घेताना फार क्वचित सांगितली जाते. वरच्या माशांकडून निसटलेले दाणे आणि काचेवरचे शेवाळ यांवर तो पोट भरतो आणि वर टाकीही साफ ठेवतो, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात असा मासा अर्धपोटी राहून हळूहळू खंगत जातो. म्हणूनच थेट तळाला जाणारे खाद्य आवश्यक ठरते. हिकारी या जपानी ब्रँडचे सिंकिंग वेफर्स (तळाला बुडणाऱ्या चकत्या) आणि अल्गी वेफर्स (अल्गी म्हणजे शेवाळ) मी नियमितपणे वापरत आलो आहे. दोन्ही चांगली आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरे चालत नाही, आणि अल्गी वेफर्सवर एकट्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

सिंकिंग वेफर्स मुख्यतः कोरिडोरास हा छोटा कॅटफिश आणि लोच हा तळाशी राहणारा लांबट मासा यांच्यासाठी आहेत. कोरिडोरास हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा मासा. वाळूत तोंड खुपसून तो किड्यांच्या अळ्या आणि बारीक कवचधारी जीव शोधतो, त्यामुळे त्याला प्राणिज प्रथिने भरपूर लागतात. मात्र त्याचे तोंड लहान आणि मऊ असते, टणक गोळी त्याला फोडता येत नाही. या वेफरचा खरा गुण इथेच दिसतो. चकती तळाला टेकल्यावर तिच्या कडा फुगू लागतात आणि मऊ होतात. तोपर्यंत मासे मिशांनी आजूबाजूची वाळू चाचपडत जवळ आलेले असतात, कारण कॅटफिशच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात आणि अन्न दिसण्याआधीच त्याला ते कळते. मग एकेक मासा चकतीच्या कडेचा मऊ भाग ओढून घेतो, त्याबरोबर तोंडात आलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो आणि पुन्हा नाक खाली घालतो. कोरिडोरास कळपाने राहत असल्याने एकाच जागी चकती टाकली तर धीट मासे तिला चिकटून बसतात. तिचे तुकडे करून ते दोन-तीन ठिकाणी टाकले की बुजऱ्या माशांनाही वाटा मिळतो.

अल्गी वेफर्स अधिक टणक असतात आणि पाण्यात बराच काळ आकार टिकवून धरतात. चोषक तोंडाने खरवडून खाणाऱ्या प्लेको या कॅटफिशसाठी हे अगदी सोयीचे आहे. नावावरून हे केवळ शेवाळाचे खाद्य वाटेल, पण पाकिटावरचे घटक वाचले तर त्यांत मासळीचे पीठ आणि गव्हाचे पीठही आहे. त्यात गैर काही नाही, कारण पूर्ण शाकाहारावर वाढणारे प्लेको थोडेच. तरीही ब्रिसलनोजसारख्या प्लेकोचे लांब, वेटोळे घातलेले आतडे शेवाळ आणि वनस्पतीजन्य पदार्थांसाठी घडलेले असते. त्यामुळे त्याला वेफर्सच्या जोडीला उकळत्या पाण्यातून काढलेली झुकिनी, काकडी किंवा पालक द्यावा आणि खरवडण्यासाठी टाकीत लाकडाचा ओंडका ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. याउलट ब्राझीलच्या झिंगू नदीतला झेब्रा प्लेको प्लेको असूनही प्राणिज अन्नाकडे झुकतो, आणि त्याच्यासाठी मी सिंकिंग वेफर्सचेच पाकीट उचलेन. ओटोसिंक्लस या चिमुकल्या कॅटफिशची गोष्ट आणखी वेगळी आहे : पृष्ठभागांवर साचलेला शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर हेच त्याचे मुख्य अन्न असल्याने तो अनेकदा वेफरकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि नव्या, चकचकीत स्वच्छ टाकीत उपाशी मरतो.

वेफर कोणताही असो, तो कधी टाकला जातो यावर पुष्कळ अवलंबून आहे. दिवसा टाकलेली चकती खाली पोहोचेपर्यंत वरचे मासे तिच्यावर तुटून पडतात, आणि बहुतेक प्लेको तर अंधार पडल्यावरच बाहेर येतात. म्हणून वरच्या माशांना आधी खाऊ घालून दिवा मालवल्यावर वेफर टाकावा. उरलेले तुकडे सकाळी काढून घेणे टाळू नये. कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि घाण साचलेल्या तळावर सतत वावरणाऱ्या कोरिडोरासच्या मिशा झडू लागतात. प्रमाण बरोबर आहे की नाही हे माशाच्या पोटावरूनच ओळखावे. पोट हलके गोलसर असावे; ते आत गेलेले दिसले तर अन्न कमी पडते आहे आणि टम्म फुगलेले दिसले तर जास्त होते आहे. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी वेफरऐवजी गोठवलेले डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) किंवा ब्लडवर्म (किड्यांच्या लाल अळ्या) दिले तर कोरिडोरासचा आहार अधिक सकस होतो.

मोठे पाकीट घेण्याचा मोह मात्र आवरावा. बहुतेक माशांप्रमाणे कॅटफिशलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. त्याची दीर्घकाळ उणीव राहिली तर पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो. पाकीट उघडल्यानंतर हवा आणि ओल यांमुळे हेच जीवनसत्त्व आधी नासते, आणि तेलालाही खवट वास येऊ लागतो. काही महिन्यांत संपेल एवढेच पाकीट घ्यावे, ते घट्ट बंद करून कोरड्या व थंड जागी ठेवावे, आणि ओल्या हाताने त्यातून चकत्या काढू नयेत.