व्हीलचेअरला जोडायचं पुढचं मोठं चाक: टेकडीवरच्या आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरमध्ये घेतलं, आता जून लागलाय. मधल्या काळात पुण्यातली तळजाई, वेताळ टेकडी आणि एकदा दापोलीजवळचं मुरूड, एवढं फिरून झालं. माझ्यासारखं कुणी घ्यावं का न घ्यावं या विचारात असेल, तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

माझी मणक्याची दुखापत डी-१२ची, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी. हात आणि छाती पूर्ण ताकदीची, पायात हालचाल नाही. खुर्ची एकसंध फ्रेमची, घडी न होणारी. हे आधी सांगितलं कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

वस्तू साधी आहे. आखूड दांडा, एका टोकाला १२ इंची हवेचं चाक, दुसऱ्या टोकाला फूटप्लेटवर (पाय ठेवायच्या पट्टीवर) बसणारा चिमटा. चिमटा आवळायचा, खटका लावायचा, की पुढची दोन लहान चाकं (कॅस्टर) जमिनीपासून बोटभर उचलली जातात. खुर्ची तीन चाकांची होते. सवय झाल्यावर मला हे काम दीड-दोन मिनिटांचं झालंय, कुणाची मदत न घेता.

या बोटभर उंचीने काय होतं, ते व्हीलचेअर न वापरणाऱ्याला पटकन कळणार नाही. माझी कॅस्टर ५ इंची. मुरमाच्या वाटेवर सुपारीएवढा खडा आला तरी ती अडतात, खुर्ची जागीच थांबते आणि आपण पुढे जातो. मी अशी दोनदा तोंडावर पडले आहे. त्यामुळे खडबडीत जागी मागच्या चाकांवर तोल धरून जावं लागायचं आणि डोळे सतत समोरच्या दोन हात जमिनीवर खिळलेले असायचे. सहा वर्षांत मी कितीतरी ठिकाणी जाऊन आले आणि तिथली फक्त जमीन पाहिली.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी तळजाईच्या पठारावर माझ्या लक्षात आलं की मी वर बघत चालले आहे. पिवळं पडलेलं गवत, तारेवर बसलेला खाटीक पक्षी, आणि बाबा. बाबा शेजारून चालत होते. एरवी ते नेहमी मागे, हँडलवर हात ठेवून. त्या दिवशी आम्ही तासभर बरोबरीने चाललो, बोलत. माझ्यासाठी या चाकाची किंमत तिथेच वसूल झाली.

आता अडचणी. पुढचं चाक कितीही चांगलं असलं तरी मागचे एक इंची टायर मऊ मातीत रुततात. मी सायकलच्या दुकानातून २४ इंची जाड टायर आणले, बसेनात. दुकानातल्या काकांनी अर्धा तास खटपट केली, मग टायरच्या कडेवरचे आकडे वाचले. व्हीलचेअरची २४ इंची रिम असते ५४० मिलिमीटरची, आणि डोंगरी सायकलची २४ इंची असते ५०७ची. नाव एकच, माप वेगळं. शेवटी त्यांनीच माझ्यासाठी ५०७च्या रिमवर व्हीलचेअरचे हब घालून, आरे ओवून चाकांची दुसरी जोडी बांधून दिली. कळ दाबली की धुरा निघतो, म्हणून घरची चाकं काढून टेकडीची चढवता येतात. जाड टायरला बाजूचे, खुर्ची उभी ठेवायचे ब्रेक घासत होते, तेही सरकवून घ्यावे लागले.

चढावर खुर्ची मागे उलटू पाहते. छाती गुडघ्यांकडे झुकवायची आणि तीव्र चढाला सोबत्याने पुढून दोरीने ओढायचं. दोरी फ्रेमला बांधा, चाकाच्या दांड्याला कधीच नको. उतारावर तर ब्रेक म्हणजे आपलेच तळहात. चामडी हातमोज्यांशिवाय उतरू नका, आणि हाताने धरायची रिम ओली असेल तर मुळीच नको. परवाच्या पहिल्या सरीत माझी पकड सुटली, करवंदीच्या जाळीने अडवलं म्हणून वाचले.

मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर खुर्ची सुरेख चालली. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र दहा हात अंतरातच दम निघाला.

आणि शरीराचं. खाली संवेदना नसल्याने हादरे आपल्याला कळत नाहीत पण कातडीला बसतात. दर १५-२० मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, घरी आल्यावर आरशात बैठकीची जागा तपासायची. हादऱ्याने पाय आपोआप आखडतात, झटकतात, म्हणून घोट्याला पट्टा हवाच. कॅथेटरची (नळीने लघवी काढायची) वेळ चुकवू नका. टेकडीवर आडोसा नसतो, बाहेर पडायची वेळ त्या हिशोबानेच ठरवा.

घेण्याआधी मी इतर पर्यायही पाहिले. आयआयटी मद्रासमध्ये घडलेलं निओबोल्ट हे मोटरचं जोड-यंत्र रस्त्यासाठी फार उपयोगी आहे, पण मला वाट स्वतःच्या हातांनी चालायची होती. अमेरिकेतल्या एमआयटीत बनलेल्या, हाताने तरफा ढकलून चालवायच्या खुर्चीच्या चाचण्या आपल्या देशातही झाल्या होत्या. तरफ वर धरली की जोर मिळतो, खाली धरली की वेग. कल्पना मला मनापासून आवडते, पण घरात आणि टेकडीवर एकच खुर्ची चालावी ही माझी गरज होती.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चाकाने सुटत नाही. एका टेकडीच्या तोंडाशी दुचाकी अडवायला नागमोडी फाटक बसवलंय. पुढच्या चाकासकट माझी लांबी वाढते, तिथे वळताच येत नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्याचं ३०वं कलम क्रीडासुविधा आमच्यासाठी नव्याने घडवायला सांगतं. टेकडी हेच माझं मैदान आहे, असं मी अर्जात लिहून दिलंय. सोबत खुर्चीची लांबी-रुंदी मोजून चित्रही जोडलंय. उत्तर यायचं आहे. तोवर मला खाली उतरवतात, खुर्ची फाटकावरून पलीकडे जाते, आणि बाबा मला उचलून पलीकडे नेतात. ते सत्तरीचे आहेत.