कॉलेज लायब्ररीची नवी संदर्भसेवा : दोन सत्रं वापरल्यानंतर

आमच्या लायब्ररीत संदर्भ विभाग म्हणजे विश्वकोशांची काचेची कपाटं आणि 'ग्रंथ बाहेर नेऊ नयेत' ही पाटी. गेल्या वर्षी पद्धत बदलली. प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकायचा, मोठा असेल तर अर्ध्या तासाची वेळ घ्यायची. पीएचडीमुळे दोन सत्रं भरपूर वापर झालाय.

माझा विषय पानशेतच्या पुरानंतरचं पुनर्वसन. पहिल्या भेटीत मी विचारलं, "१९६१च्या पुरावर काय काय आहे?" संदर्भ विभागाच्या मॅडमनी कीबोर्डला हातही लावला नाही. "धरण का फुटलं ते हवंय, की माणसं कुठे गेली ते?" माणसं, म्हटल्यावर चौकशी आयोग बाजूला पडला. लोकमान्यनगर, गोखलेनगर या वसाहतींची नावं घेऊन शोधा, १२ जुलैनंतरची वर्तमानपत्रं बघा आणि विधानसभेतल्या चर्चा चाळा, असं त्यांनी सांगितलं. विधानसभेचं मला सुचलंच नसतं. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, नुसतं 'पानशेत' टाकून मी किती दिवस बसलो असतो कोण जाणे.

हल्ली त्यांच्याकडे चॅटजीपीटीनं दिलेली संदर्भसूची घेऊन येणारेही असतात. त्या एकेक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकून बघतात. शेजारी बसलेल्या मुलीच्या यादीत नियतकालिक खरं, वर्ष खरं, पण त्या पानांवर लेख भलताच! वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१चं सूत्र. नसलेले लेख शोधण्यात जाणारा वेळ त्यांच्या हिशेबात नसणार.

आता तक्रारी. ऑनलाइन नियतकालिकांच्या बाबतीत हात बांधलेले आहेत. सरकारी संस्थेतल्या मित्राला केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून जानेवारी २०२५पासून १३ हजारांवर नियतकालिकं मिळतात. आमचं कॉलेज खासगी, त्यामुळे ती सोय नाही. मग मॅडम लेखकाला थेट मेल करायला सांगतात, मसुदाही देतात. बरेचदा पीडीएफ येते.

खरी अडचण वेगळीच. सेवा म्हणजे एकट्या मॅडम. परीक्षेची ड्युटी किंवा मूल्यांकनाची तपासणी लागली की व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. चॅटबॉट आणायचं चाललंय म्हणे. त्यापेक्षा दुसरा माणूस द्या.

वापरणार असाल तर सकाळी अकराच्या आत मेसेज टाका आणि आधी कुठे कुठे शोधलंत तेही त्यातच लिहा. नाहीतर पहिली दहा मिनिटं तेवढ्यातच जातात.