गालावर वांग आणि वर खानदेशचं ऊन: पारदर्शक सनस्क्रीन घ्यावं की रंगीत?

वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी-काळसर डाग, असलेल्याने सनस्क्रीन लावायचं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर पडतो. समोर दोन ट्यूब असतात. एकातलं क्रीम लावल्यावर दिसतच नाही, दुसऱ्यातलं मातकट रंगाचं असतं आणि जवळजवळ दुप्पट किमतीचं. अमळनेर ते धुळे अशा मोटारसायकलच्या रोजच्या प्रवासात, एप्रिल-मेसकट, मी दोन्ही वापरली आहेत. माझा कल वाचता वाचता कळेलच. तुमची त्वचा आणि तुमचं काम वेगळं असेल, तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

तिसरा पर्याय म्हणजे झिंक ऑक्साइडचं पांढरं सनस्क्रीन. अतिनील किरण अडवण्यात ते कुठेही कमी नाही. पण सावळ्या चेहऱ्यावर ते राख फासल्यासारखं बसतं. एका हळदीला काकूंनी मांडवातच विचारलं, "हाई काय लाई लिधं रे भाऊ तोंडले?" (हे काय लावून घेतलंस रे तोंडाला?) जी गोष्ट चार माणसांत लावून बसवत नाही ती रोज लावली जात नाही, आणि रोज लावलं नाही तर वांगाला काही फरक पडत नाही. म्हणून ते बाजूला ठेवतो.

"आपण मुळातच सावळे, आपल्याला याची काय गरज?" असं आमच्याकडे हमखास विचारतात. त्यात निम्मं खरं आहे. सावळ्या माणसात मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशी जास्त असतात असं नाही. त्या गोऱ्या माणसात असतात साधारण तेवढ्याच. फरक एवढाच की आपल्याकडे त्या मेलॅनिन जास्त बनवतात, त्याचे कण मोठे असतात, आणि हे कण शेजारच्या पेशींच्या केंद्रकावर टोपीसारखे बसून आतला डीएनए उन्हापासून वाचवतात. १९७९ साली अमेरिकेत हे संरक्षण मोजलं गेलं. कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचं संरक्षण सरासरी एसपीएफ (त्वचा भाजण्यापासून किती पट संरक्षण मिळतं तो आकडा) १३ च्या आसपास भरलं, गोऱ्यांचं ३ च्या आसपास. कपाशीच्या आणि केळीच्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या माणसांचं हे मोठं धन आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण वांगात घोळ नेमका याच धनाचा असतो. त्या जागच्या पेशी जरा चिथावल्या तरी गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन बनवत सुटतात. आपली त्वचा सहसा भाजत नाही, ती डागाळते.

आता खरा फरक. पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, डोळ्यांना दिसणारा प्रकाश मात्र आरपार जाऊ देतं. म्हणूनच तर ते दिसत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात त्वचेवर फक्त दृश्य प्रकाश टाकून पाहिला. गोऱ्या त्वचेवर काही झालं नाही. गडद त्वचेवर मात्र काळेपणा उठला आणि दोन आठवडे टिकला. २०१८ साली त्यामागचं कारणही पुढे आलं: मेलॅनिन बनवणाऱ्या पेशीत ऑप्सिन-३ नावाचं प्रथिन असतं आणि निळा प्रकाश ते ओळखतं. हा प्रकाश अडवण्याचं काम रंगीत सनस्क्रीनमधलं आयर्न ऑक्साइड करतं. एसपीएफ आणि पीए (अतिनील-ए किरणांपासूनचं संरक्षण) या दोन्ही खुणांमध्ये यातलं काहीच मोजलेलं नसतं. त्यामुळे डब्यावरचे आकडे पाहून घेणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नाही.

हे सगळं नंतर वाचलं. माझा निर्णय मात्र डोळ्यांनी केला.

पारदर्शक जेल सकाळी लावलं की छान वाटतं. चिकट नाही, वास नाही, तोंड धुतल्यासारखं हलकं. साडेदहा-अकराला धुळ्याच्या रस्त्याला लागलं, डोक्याला बागायती रुमाल, वर हेल्मेट, की कपाळावरचा घाम भुवयांवर साचतो आणि मग जेल घेऊन डोळ्यात उतरतो. आग अशी होते की डोळा आपोआप मिटतो. समोरून केळीचा ट्रक येतोय, हात हँडलवर, हेल्मेटची काच खाली, डोळा चोळता येत नाही. गाडी बाजूला घ्यायची, निंबाखाली थांबायचं, बाटलीतलं पाणी मारायचं. पाणी मारलं की चेहऱ्यावरचं सनस्क्रीनही गेलं. म्हणजे धुळ्याला पोचेपर्यंत न लावल्यासारखंच. कपाळ सोडून लावून पाहिलं, तर वांग कपाळावरच गडद व्हायला लागलं. कंपनी बदलली, आग कमी-जास्त झाली, थांबली नाही. ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

रंगीत सनस्क्रीनपैकी ज्यात झिंक किंवा टायटॅनियम आणि सोबत आयर्न ऑक्साइड असतं, ते माझ्या डोळ्यांना लागलं नाही. घाम आला तरी ते जागच्या जागी जास्त वेळ राहतं असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर गालावरचे डाग फिके झाले होते. ते केवळ याने झाले असं म्हणणार नाही, कारण डॉक्टरांचं औषधही चालू होतं. पण आधीच्या उन्हाळ्यात तेच औषध चालू असताना डाग मेमध्ये परत उठले होते.

रंगीतच्या खोड्याही आहेत. शर्टाची कॉलर आणि पांढरा रुमाल पिवळट-तपकिरी होतात, आणि तो डाग साध्या साबणाने सहज निघत नाही. मी आता उन्हाळ्यात गडद रुमालच वापरतो. दुसरी खोडी मला जास्त टोचते. बहुतेक कंपन्यांकडे एक किंवा दोनच छटा असतात, त्याही गव्हाळ रंगाला बेतलेल्या. माझं निभावतं. सातपुड्याच्या पायथ्याचा माझा एक पावरा आदिवासी मित्र आहे, त्याचा रंग माझ्यापेक्षा बराच गडद. त्याच्या चेहऱ्यावर तीच छटा करडी दिसते. ज्या त्वचेला दृश्य प्रकाशाचा त्रास सगळ्यात जास्त, तिच्याच रंगाची ट्यूब दुकानात मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. अशा माणसाने पारदर्शक लावून वर रुमाल आणि रुंद काठाची टोपी वापरलेली बरी. जाड, गडद कापड दृश्य प्रकाशही अडवतं.

एक गोष्ट मात्र दोन्हींत धरू नका. काही ठिकाणी वांगासाठी सनस्क्रीन मागितलं की सोबत "हे पण लावा, रंग उजळेल" म्हणून स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेलं मलम पुढे करतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम बंद केलं की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातला "फेअर" गेला. लग्नाच्या बोलण्यातली "गोरी" अजून गेलेली नाही, आणि हे मलम तिच्याच जोरावर खपतं. आपल्याला डाग घालवायचा आहे, रंग नाही.

वांग नसेल, काम सावलीत असेल, पैसा जपून वापरायचा असेल, तर पारदर्शक घ्या. त्यात काही गैर नाही. वांग असेल आणि घामात काम असेल, तर मी रंगीतकडे झुकतो. चुलीपुढे किंवा भट्टीपुढे काम असेल तर उष्णतेनेही वांग गडद होतं, तिथे एकट्या सनस्क्रीनवर भिस्त ठेवू नका.

घेताना नुसतं "टिंटेड" वाचून थांबू नका. मागच्या बारीक अक्षरांत आयर्न ऑक्साइड किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ यांपैकी आकडे आहेत का ते बघा. छटा मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच छटा जुळल्यासारख्या वाटतात. पहिल्यांदा लहानच ट्यूब घ्या, आणि जमलं तर ती मे महिन्यात घ्या. जानेवारीत कुठलंही सनस्क्रीन चांगलंच वाटतं.