टाच दुखावली तरी दम टिकावा म्हणून: सिडकोतील एका फिजिओथेरपी केंद्राविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात, औषधाच्या एका दुकानावरच्या मजल्यावर असलेल्या या केंद्रात मी उजव्या पायाच्या अकिलीस टेंडनचे, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड शिरेचे, दुखणे घेऊन गेलो. दुखणे कमी करून देणारे दवाखाने शहरात पुष्कळ आहेत. मात्र पाय बरा होईपर्यंत धावपटूने दम कसा राखावा, याचा विचार करणारी जागा मला तोवर भेटली नव्हती. या केंद्राला मी त्याच कसोटीवर जोखत आहे आणि काही तक्रारी असूनही ते तिच्यावर बऱ्यापैकी उतरते.

पहिल्या भेटीत यंत्र लावण्याची घाई झाली नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. फिजिओ मॅडमनी टाचेच्या वर थोड्या अंतरावर शीर चिमटीत धरून नेमके कुठे दुखते ते पाहिले, कारण दुखणे शिरेच्या मधल्या भागात आहे की ती हाडाला चिकटते तिथे आहे, यावर पुढचे व्यायाम ठरतात. दुसऱ्या प्रकारात टाच पायरीच्या खाली सोडणे सुरुवातीला टाळतात. नंतर त्यांनी मला एका पायावर उभे करून टाच पूर्ण उचलायला लावली, त्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीची खूण केली आणि टाच त्या खुणेपर्यंत पोहोचेनाशी झाली की मोजणी थांबवली. दुखरा पाय थकू लागताच गुडघा नकळत वाकतो आणि आकडा फुगतो, म्हणून त्यांचे एक बोट सतत गुडघ्याच्या मागे टेकलेले होते. डाव्या आणि उजव्या पायातली तफावत अशी डोळ्यांसमोर आली की पुढे कशाची वाट पाहायची, हे रुग्णाला वेगळे सांगावे लागत नाही.

या दुखण्यावरचा प्रसिद्ध व्यायामक्रम स्वीडनचे शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडला. त्यात पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची असते. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी 15 वेळांचे 3 संच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. केंद्रात याच धर्तीवर, पण पाठीवरच्या पिशवीत वजन टप्प्याटप्प्याने वाढवत आणि फेऱ्या कमी करत काम करून घेतात. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखले तर चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमले पाहिजे, हा त्यांचा नियम आहे. अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले किती ताठर पडतात, हे रोज वहीत लिहून आणायला सांगतात आणि ती वही खरोखर वाचतात.

आता दमाविषयी. धावणे थांबल्यावर दोनेक आठवड्यांतच फरक जाणवू लागतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलते. यावर या केंद्राचा तोडगा म्हणजे खोल पाण्यातले धावणे. कमरेला फोमचा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकता, धावण्याचीच हालचाल करायची. टाचेवर आपटणे नाही, पण दम चांगलाच लागतो. सराव असलेल्या धावपटूंनी चार ते सहा आठवडे केवळ असे धावून आपली क्षमता जवळपास टिकवल्याचे अभ्यास आहेत. केंद्राने यासाठी जवळच्या एका तरणतलावाशी बोलणी केली असून पहिल्या वेळी मदतनीस स्वतः सोबत येतो. पट्टा सैल राहिला तर छातीपर्यंत चढतो, गुडघे सायकल मारल्यासारखे गोल फिरले तर श्रम वाया जातात, हे तो काठावर उकिडवा बसून दाखवतो. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा साधारण 10 ते 15 ने कमी दिसतात, त्यामुळे घड्याळाकडे न पाहता श्वासावरून जोर ठरवायचा, हे त्याने आधीच सांगितले म्हणून बरे झाले. संथ गतीने तासभर तरंगण्यापेक्षा एक-दोन मिनिटांचे जोरकस टप्पे आणि मध्ये थोडी उसंत हाच क्रम उपयोगी आहे. एरवी हा प्रकार कमालीचा कंटाळवाणा आहे.

अडचण तलावाची. ज्या शहराला जायकवाडीचे पाणी कित्येक दिवसांआड मिळते, तिथे भरलेला तलाव पाहून मन थोडे अवघडतेच. एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या पोहण्याच्या शिबिरांमुळे खोल बाजूलाही जागा उरत नाही. तेव्हा केंद्रातल्या व्यायामाच्या सायकलीवर भागवावे लागते. सायकल एकच आहे आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो.

बाकावर शेजारी बसणारी बहुतेक मुले पोलीस भरतीची असतात. त्यांना मैदानी चाचणीत 1600 मीटर धावायचे असते, त्यासाठी ती डांबरी रस्त्याच्या कडेने, झिजलेल्या बुटांत, सराव एकदम वाढवतात आणि नडगी धरून येतात. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल तर मॅडम सराव कमी करून व्यायाम देतात. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ आली तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता धरून धावणे बंद करतात आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवतात, कारण अशी चीर सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसेलच असे नसते. फुलंब्रीकडचा एक मुलगा “मॅडम, तारीख जवळ आली, गोळी तरी द्या” म्हणून हट्टाला पेटला होता. त्यांनी गोळी दिली नाही. पाण्यातले धावणे आणि गोळाफेकीचा सराव आखून दिला आणि शुल्कही निम्मे केले. जाहिरातीत या सवलतीचा उल्लेख नाही, तो असायला हवा.

तक्रारी दोन. दहा सत्रांचे पैसे आगाऊ घेतात आणि मध्येच थांबल्यास परत करत नाहीत. शिवाय त्या दहा सत्रांत अल्ट्रासाऊंडचा शेक गृहीत धरलेला असतो, ज्याच्या उपयोगाचा पुरावा या दुखण्यात तरी फार तोकडा आहे. मी तो नाकारला, मॅडमनी तात्काळ मान्य केले, पण बिलातून एक रुपयाही कमी झाला नाही. दुसरी बाब मला जास्त खटकली. मॅडम स्वतः स्वच्छ मराठीत समजावतात, परंतु घरी करायच्या व्यायामांचा छापील कागद पूर्ण इंग्रजीत आहे. पैठण-गंगापूरहून आलेल्या आजीबाईंनी तो घडी घालून पिशवीत ठेवला की तिथेच राहणार.

पुन्हा धावणे सुरू करण्याची अट मात्र स्पष्ट होती: अर्धा तास भरभर चालून दुखता कामा नये आणि चिकटपट्टीपर्यंतचे दोन्ही पायांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. त्यानंतर एक मिनीट धावणे, दोन मिनिटे चालणे, तेही दिवसाआड, कारण ताण पडल्यावर शिरेतील झीज भरून निघायला साधारण दीड दिवस लागतो. गोगाबाबा टेकडीचा चढ त्यांनी सर्वांत शेवटी ठेवला आहे. चढावर टाच खाली राहते आणि शीर अधिक ताणली जाते.

ज्यांना पडून राहून शेक घ्यायचा आहे त्यांनी घराजवळचा दवाखाना पाहावा. इथे यायचे असेल तर सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी भरतीच्या मुलांची गर्दी असते. तलावाचा पास स्वतंत्रपणे काढावा लागतो आणि फोमचे पट्टे मोजकेच असल्याने स्वतःचा असलेला बरा.